टाचबाई

टाचबाई माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायच्या. शाळेत नवा शिक्षक रुजू झाला, की आम्ही बाकीचे त्याचं गाव कोणतं आणि शिफारस कुणाची, याचे अंदाज बांधत बसायचो. बाई त्याच्या मागून चार पावलं चालून येत आणि त्याच्या टाचा बघून मोकळ्या होत. पंचवीस वर्षांपूर्वी मी सोलापूरच्या या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "सर, उजव्या चपलेची टाच जास्त झिजलीया. मान वर करून चालायची सवय दिसती तुमाला." त्यानंतर माझ्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ मतं दिली, पण इतक्या थोडक्यात कुणी नाही.

त्यांचं आडनाव बिराजदार, गाव मंद्रूप, विषय शारीरिक शिक्षण. 'टाचबाई' हे नाव मुलींनी ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत होतं. कवायत असो, प्रार्थना असो की सहलीच्या बसची रांग असो, त्यांचा एकच हुकूम असे: टाच उचला. सणासुदीला भरजरी साडी नेसत, पण साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट असायचेच. एका मुख्याध्यापकांनी एकदा सुचवलं की समारंभाला हे शोभत नाही. बाई म्हणाल्या की समारंभात आग लागली तर पळायचं कुणी. पुढं तो विषय निघाला नाही.

त्यांना बसता येत नसे. शिक्षकखोलीत त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर खो-खोच्या जाळीदार पिशव्या बसत. बाई उभ्यानं चहा पीत, उभ्यानं हजेरीपट भरत आणि ते करताना त्यांच्या टाचा खालीवर, खालीवर चालू असत. आम्हा इतरांना त्यामुळं गाडी चुकत असल्यासारखं वाटायचं. कुणी थोर माणूस वारला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असलं, की बाईंची खरी परीक्षा. मी शेजारी उभा असे. पदराची किनार एवढी एवढी वर जायची आणि खाली यायची. दिवंगतांबद्दल अनादर नव्हता, पायांचा नाइलाज होता. गावाकडचं कानडी अंगात मुरलेलं असल्यानं मुलींना त्या "बेगा, बेगा" म्हणून हाकत. बेगा म्हणजे लवकर. आमच्या शाळेत तेलुगू घरातल्या मुलींनाही हा एक कानडी शब्द पक्का येतो.

त्यांचा एक तास मी खिडकीतून ऐकला होता, आणि कबूल करतो की संधी-समास शिकवताना माझ्या वर्गात इतकी शांतता कधी झाली नाही. मुलींना पालथं झोपवून त्या एकेकीच्या पोटरीवर खडूनं रेघा ओढत होत्या. "ह्या पोटरीत दोन भाऊ ऱ्हात्यात. वरचा दोन पोटांचा, त्यो गुडघ्याच्या वरनं निघतो. उड्या त्योच मारतो. खालचा चपटा. त्याला कुणी इचारत न्हाय, पण तुमी दिसभर उभ्या ऱ्हाताव त्या त्याच्या जिवावर. दोगं खाली येता येता एकाच दोरीत शिरत्यात, आन् ती दोरी टाचंच्या हाडाला बांधलेली हाय. आमच्याकडं तिला घोडशीर म्हनत्यात." मग त्यांनी विचारलं की ही दोरी खाली सरळ उतरते की पीळ घेत. मुली बहुतेक शहराच्या पूर्व भागातल्या, घरी यंत्रमाग असलेल्या. त्यांतली एक पडल्या पडल्याच म्हणाली की पीळ नसला तर सूत टिकेल कसं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या दुसऱ्या पोटरीवरही चित्र काढलं.

शरीराचा सगळा भार ही दोरी कसा झेलते, पळताना तो कितीतरी पट कसा होतो, टाच टेकली की ती ताणून घेते आणि उचलली की घेतलेलं परत कसं देते, हे त्या पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं सांगत. पुस्तकात तिला कंडरा म्हटलंय. बाई म्हणायच्या की असल्या नावाची वस्तू आपल्या अंगात आहे हे पोरींना खरंच वाटणार नाही. टाचेच्या वर चार बोटांवर ही दोरी थोडी बारीक होते आणि तिथं रक्तही कमी पोचतं, म्हणून थंड अंगानं एकदम पळू नका, असं त्या रोज बजावत. कुणी पाय धरून खाली बसलीच, तर बाईंचा तपासणीचा एकच नियम होता. पंजा खाली दाबून दाखव, म्हणायच्या. पंजा दबला तर दोरी शाबूत. लचक आहे, हळद लाव, ऊठ. तीस वर्षं हा नियम चालला. शाळेतला दुसरा कुठलाही नियम इतका टिकला नाही.

गेल्या वर्षाआधीच्या डिसेंबरात शाळेत क्रीडामहोत्सव झाला. पूर्वी त्याला खेळाचे सामने म्हणत. महोत्सव म्हटल्यावर प्रमुख पाहुणे आले, पाहुण्यांसोबत तीन भाषणं आली. बाईंना त्या दिवशी पहिल्या रांगेत सक्तीनं बसवलं होतं. सकाळची थंडी, आणि दीड तास. पाहुण्यांनी पालकांना विद्यार्थ्यांकडं, विद्यार्थ्यांना देशाकडं आणि देशाला जगाकडं बघायला सांगितलं. मग ठरल्याप्रमाणं उद्घाटन: मैदानावर बाईंनी पाटीवर, म्हणजे खो-खोतल्या चौकोनात, पळायच्या तयारीत बसायचं, पाहुण्यांनी मागून त्यांच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, बाईंनी उठून खांबापर्यंत पळायचं, आणि छायाचित्रकारानं आपलं काम करायचं.

पाहुण्यांनी हार सांभाळत वाकून खो दिला. बाई उठल्या, आणि काठी मोडावी तसा आवाज झाला. दुसरं पाऊल पडलंच नाही; त्या हातांवर पडल्या. तशाच मागं वळून त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं. पाहुण्यांच्या हातात अजून माईक होता, तो चालू होता, त्यामुळं बाईंचं पुढचं वाक्य साऱ्या मैदानानं आणि पलीकडच्या रिक्षा स्टँडनं ऐकलं.

"खो हातानं देत्यात, सायेब. लाथंनं न्हाय."

पाहुणे दोन्ही हात पसरून उभे राहिले. मुख्याध्यापकांचा चेहरा मी वर्णन करणार नाही; ते अजून सेवेत आहेत. टाचेवर मागून कुणीतरी लाथ मारली असं बाईंना खरंच वाटलं होतं, आणि मागं दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात बाई जमिनीवर आणि पाहुणे हात पसरलेले, खाली ओळ: खेळाडूंना मार्गदर्शन करताना प्रमुख पाहुणे.

मैदानातच बाईंनी बूट काढून आपला नियम लावला. पंजा खाली दाबला. तो दबला. जोर कमी होता, पण दबला. "लचकलंय की नुसतं," असं म्हणून त्या माझ्या खांद्याला धरून उठल्या. पुढं पाच आठवडे हळदीचा लेप लावून त्या शाळेत आल्या. चालत होत्या, पण पाऊल फळीसारखं टाकत. जिना चढताना एका अंगानं. डॉक्टरकडं चला असं मी तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की त्या मला व्याकरण शिकवायला येतात का. शेवटी एके दिवशी राष्ट्रगीताला उभ्या असताना त्यांनी सवयीनं टाच उचलली. डावी वर गेली. उजवी जागेवर. त्यांनी खाली बघितलं, पुन्हा प्रयत्न केला. गीत संपल्यावर म्हणाल्या, "सर, रिक्षा सांगा."

हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलायचे. त्यांनी बाईंना पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली आणि डावी पोटरी हातानं दाबली. डावं पाऊल आपोआप खाली झुकलं. मग उजवी दाबली. पाऊल हललं नाही. टाचेच्या वर चार बोटांवर त्यांनी बोट ठेवलं, ते आत गेलं. तिथं दोरी नव्हती. बाईंनी मान वळवून पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा तेच. मग मला म्हणाल्या, "सर, तुमी दाबा." मी दाबली. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी बाईंच्या पायाला पहिल्यांदाच हात लावत होतो. पाऊल नुसतं लोंबत राहिलं.

"मग पंजा दबतोय त्यो कसा?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले की घोट्याच्या मागून जाणारे दुसरे लहान स्नायू आहेत, बोटं वाकवणारे. मुख्य दोरी तुटली तरी ते पंजा थोडा खाली ओढतात. त्यावरून काही ठरवता येत नाही. पुष्कळजण तिथं फसतात. मग त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं, आणि ते ज्या ग्रीक योद्ध्यावरून पडलं त्याची गोष्टही सांगितली: त्याच्या आईनं त्याला टाचेला धरून मंतरलेल्या नदीत बुडवलं, म्हणून तेवढी टाच कोरडी राहिली आणि तिथंच त्याला बाण लागला. एरवी या गोष्टीवर बाई दोन दिवस बोलल्या असत्या. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हात बदलून दुसऱ्यांदा बुडवायचं की. आईला एवढं कळू नये?" डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत होत्या. मग म्हणाल्या, "मंगल."

मंगल मलाही आठवत होती. बावीस वर्षांपूर्वीची नववीतली मुलगी, संघातली सगळ्यात चपळ. जिल्ह्याच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, ती पाटीवरून उठली आणि पडली. मागच्या पोरीनं लाथ मारली म्हणून रडायला लागली. मागं कुणीच नव्हतं, हे पंचांनी पाहिलं होतं. बाईंनी पंजा दाबायला लावला, तो दबला. संघ हरला. त्यानंतरही ती महिनाभर लंगडत आली आणि पळायला नाही म्हणाली. नियमाप्रमाणं तिला काही झालं नव्हतं, तेव्हा ती ढोंग करत होती. बाई शिक्षकखोलीत येऊन मला म्हणाल्या की मंगल पळत नाही, तिच्या घरी कळवा. एवढंच म्हणाल्या. पत्र मी लिहिलं. तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याची घमेंड होती. 'आपल्या पाल्याने दुखापतीचा बनाव करून संघाशी व शाळेशी प्रतारणा केली आहे.' 'प्रतारणा' हा शब्द सुचल्यावर मी खूश झालो होतो, हेही आठवतं. पंधरा दिवसांनी मंगलच्या वडिलांनी शाळेतून दाखला काढून नेला.

बाईंचं ऑपरेशन झालं. उशीर झाल्यामुळं दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. अंगठ्याकडं जाणारी एक दोरी वळवून तिथं जोडली. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, पळणं विसरा. मग पंजा खाली झुकवलेलं प्लास्टर आणि सहा आठवडे झोपून. मी भेटायला जायचो तेव्हा पलंगाची एक बाजू हलत असायची. चांगला पाय स्वस्थ नसायचा. पण पळण्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. दर वेळी एकच: मंगलचा पत्ता लागला का? मी जुनी रजिस्टरं काढली, तिच्या वर्गातल्या मुलींना फोन केले. एकीनं सांगितलं की ती कुर्डुवाडीपुढच्या केमला असते, कुंकवाच्या कारखान्यात कामाला जाते, आणि वडील तिच्याकडंच राहतात. मी म्हटलं, बाई, फोन नंबर मिळालाय, बोलून घ्या. बाई म्हणाल्या, "फोनवर पोटरी दिसती व्हय?"

त्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला, आणि त्यांच्या अतुलनीय कार्याबद्दल अशा लोकांनी भाषणं केली ज्यांना खो-खोत किती खेळाडू असतात हे माहीत नव्हतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते त्याच्या महिनाभर आधीच्या एका रविवारचं.

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. बाईंच्या उजव्या पायात गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट, हातात कुबडी. मोहोळ गेलं, कुर्डुवाडी गेलं. बाईंनी डब्यातल्या प्रत्येक माणसाला हा पाय कसा मोडला हे विचारायची संधी दिली आणि कुणालाच उत्तर दिलं नाही. तिला काय म्हणायचं हे ठरलंय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की आधी पाय बघू. तो धड निघाला तर बरं. मला तेव्हा कळलं की त्यांना मनातून काय हवं होतं. मंगल बावीस वर्षांपूर्वी खोटंच बोलली होती, असं निघायला हवं होतं.

मंगलनं आम्हाला दारातच ओळखलं. पस्तिशी उलटलेली बाई, तळहाताच्या रेघांत कुंकू बसलेलं. तिनं बुटाकडं बघितलं, कुबडीकडं बघितलं आणि आत या म्हणाली. पाणी दिलं. बाईंनी पाणी खाली ठेवलं आणि तिला भिंतीला हात टेकून उभं राहायला सांगितलं. मंगल उभी राहिली. मला वाटतं, ती नववीत असल्यासारखीच उभी राहिली.

"डावी टाच उचल."

टाच वर गेली.

"उजवी."

मंगलनं भिंतीवर जोर दिला. अंग पुढं झुकलं, बोटं फरशीला रुतली, टाच फरशीवरच राहिली. बाईंनी खाली वाकून तिचं लुगडं पोटरीपर्यंत वर केलं. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक होती, बघता क्षणी कळण्याइतकी. बाई वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं त्यांना उठता येत नाहीय, म्हणून मी पुढं झालो, पण त्यांनी हात झटकला.

"तू खरं बोलत हुतीस," त्या म्हणाल्या.

"मला ठावं हाय की, बाई," मंगल म्हणाली. "तुमाला ठावं न्हवतं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. बाई माफीचं काही बोलायला लागल्या तर तिनं त्यांना थांबवलं. पायाची सवय झाली म्हणाली, उभ्याचं काम आहे, होतं तसं. मग म्हणाली, "मला नगा सांगू. आबास्नी सांगा. त्यांनी त्या पत्रावर माजी शाळा काडली. अजून म्हनत्यात, खोटारडी पोर हाय."

आबा मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. म्हातारे, पण कान शाबूत. बाई कुबडी टेकत त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. दोरी कुठं असते, कशी तुटते, तुटताना लाथ बसल्यासारखं का वाटतं, आणि तुटली तरी पंजा का दबतो. मैदानावर मुलींना सांगायच्या तसंच, पण सावकाश. शेवटी म्हणाल्या, "तुमची पोरगी खोटं बोलली न्हाय, आबा. चूक माजी हुती."

आबा मंगलच्या पायाकडं बघत राहिले. ती दारात उभी होती. मग त्यांनी मान वळवली.

"पत्रात एक शबुद हुता," ते म्हणाले. "प्रतारणा. मला कळला न्हाय. मी दोगास्नी इचारलं. दोगांनी येगळं सांगितलं. मग म्या त्यातलं वाईट धरलं. अक्षर लई चांगलं हुतं. येवड्या चांगल्या अक्षरात कोन उगंच लिवंल?"

माझ्या तोंडून काही निघायच्या आत बाई बोलल्या.

"शब्द माजा हुता, आबा. ह्यांनी नुसतं उतरून काडलं."

ज्या बाईंनी तीस वर्षांत टाचेच्या दोरीला कंडरा म्हटलं नाही, त्यांनी माझी प्रतारणा स्वतःच्या नावावर घेतली. मी नाही म्हणायला हवं होतं. वेळ होता, आबा दोघांकडंही बघत होते, आधी बाईंच्या बुटाकडं, मग माझ्या तोंडाकडं. मी काही बोललो नाही.

आबा म्हणाले, "मंगल, बाईंना खुर्ची दे. पाय दुकत आसंल."

मंगलनं खुर्ची आणली. बाई बसल्या. एकच खुर्ची आली होती.